संशयाचे राज्य

जुलमी सत्तेविरुद्ध लोक उठतात तेव्हा न्याय त्यांच्या बाजूने असतो. आणि तरीही काही काळाने त्याच लोकांच्या नावाने निरपराधांचे बळी पडू लागतात. असे का व्हावे? नेहमीचे उत्तर असे की, क्रांती सज्जनांच्या हातून निसटून दुर्जनांच्या हाती जाते. हे उत्तर सोयीचे आहे, पण इतिहासाला धरून नाही. मे १७९१ मध्ये रोबेस्पिएरने फ्रान्सच्या संविधानसभेत देहदंड रद्द करावा म्हणून भाषण केले होते. तीनच वर्षांनी, १० जून १७९४ रोजी, त्याच्याच गटाने संमत करवून घेतलेल्या कायद्याने आरोपीचा वकील काढून घेतला आणि निकाल दोनच ठेवले : सुटका किंवा मृत्यू. माणूस तोच होता. मग बदलले काय?

या प्रश्नासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही. आम्ही जामसांवलीकडची माणसे. आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख १९४२ साली ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्याच प्रांतातले चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथे मिरवणुकीवर गोळीबार झाला. खवळलेल्या जमावाने उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना ठार केले. पुढे लष्कर आले. कोणी काय केले हे न विचारता सगळ्या गावाला शिक्षा झाली आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांना त्रेसष्ट दिवस उपोषण करावे लागले. हुतात्म्यांची नावे आपण आदराने घेतो, ते योग्यच आहे. पण सोनवणे हेही याच मातीतले होते. ध्येय न्याय्य होते म्हणून त्यांचा मृत्यू न्याय्य ठरत नाही, एवढे म्हणण्याचे धैर्य आपल्याला असावे.

तरीही चिमूरच्या जमावाच्या कृत्याला आम्ही दहशत म्हणणार नाही. तो संताप होता. आणि संतापाला एक मर्यादा असते, तो थकतो. दुसऱ्या दिवशी माणसाला स्वतःच्या हातांकडे पाहवत नाही. दहशतीची जात वेगळी. तिला राग लागत नाही. तिला यादी लागते. फ्रान्समध्ये सप्टेंबर १७९३ मध्ये संशयितांचा कायदा झाला, तेव्हा बाहेर परकी सैन्ये उभी होती आणि आत बंडे चालली होती. भीती खोटी नव्हती. परंतु त्या कायद्याने माणसाचे बोलणे, त्याचे संबंध, एवढेच काय, त्याचा उत्साह कमी असणे हेही संशयास पुरेसे ठरवले. कृत्य सिद्ध करता येते किंवा खोडून काढता येते. संशय कसा खोडणार? म्हणून संताप संपतो आणि संशय संपत नाही.

साताऱ्याचे उदाहरण येथे विचार करण्यासारखे आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, दरोडेखोरांचा आणि सावकारांचा बंदोबस्त केला. हे काम मोठे होते. पण लोकांच्या तोंडी त्याचे नाव राहिले ते पत्री सरकार; आणि हे नाव तळपायांवर दिल्या जाणाऱ्या शिक्षेवरून पडले, असे सांगतात. राज्य कितीही लोकांचे असले तरी लोक त्याला त्याच्या दंडावरून ओळखतात. त्या दंडाला मर्यादा राहिली, याचे एक कारण आम्हांस असे दिसते की, निवाडे बहुधा गावच्या माणसांसमोर होत आणि निवाडा देणाऱ्याला त्याच माणसांत राहायचे असे.

ही मर्यादा सुटली की काय होते, ते जुन्या चांदा जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, दिसले. १९८० च्या सुमारास तेथे नक्षलवादी दलम आले तेव्हा आदिवासींची गाऱ्हाणी खरी होती. जंगल खात्याच्या माणसांचा जाच होता आणि तेंदूपत्त्याची मजुरी कवडीमोल होती. मजुरी वाढली, जाच कमी झाला. नंतर 'खबऱ्या' हा शब्द आला. पोलिसांशी बोलताना दिसला म्हणून, कोणी कानाला लागले म्हणून, माणसांना रात्री घरातून नेले गेले आणि सकाळी प्रेताजवळ चिठ्ठी मिळाली. असे मारले गेलेले बहुतेक आदिवासीच होते. ज्यांच्यासाठी लढा होता तेच. इकडे पोलिसांचा संशयही त्यांच्याच दारात उभा असे. मारणारा जंगलातून येई आणि जंगलात जाई. त्याला विचारणार कोण?

आमच्या पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार होते. पळसाच्या झाडावरचा झेंडा हे तिचे ठरलेले शेवटचे टोक. तो हाती आला की दगड थांबतात आणि दोन्ही गावे चंडीमातेच्या देवळात जातात. शेवट आधीच ठरलेला असूनही या गोटमारीने आजवर माणसांचे जीव घेतले आहेत. मग जिचा शेवट कोणी ठरवलेलाच नाही अशी हिंसा कोठे थांबणार? क्रांतीचे पुढारी सांगतात, शेवटचा शत्रू संपला की. परंतु संशयाच्या राज्यात शेवटचा शत्रू कधीच सापडत नाही, कारण तो शोधणाराही उद्या संशयित असतो. २८ जुलै १७९४ रोजी रोबेस्पिएरला गिलोटिनवर नेले तेव्हा त्यालाही बोलू दिले गेले नाही.

तेव्हा क्रांती न्याय्य आहे की नाही, हे तिच्या घोषणांवरून ठरवू नये. तिने पकडलेल्या माणसाला "मी हे केले नाही" असे म्हणता येते का, ते कोणी ऐकून घेते का, आणि खरे निघाले तर तो संध्याकाळी घरी परततो का, एवढे पाहावे. ही कसोटी क्रांतीला लावावी आणि तिला चिरडणाऱ्या राज्यालाही लावावी. चिमूरच्या लष्कराची परीक्षा वेगळी आणि गडचिरोलीच्या जनअदालतीची वेगळी, असा भेद आम्ही करू शकत नाही.