बंधाऱ्याच्या फळ्या

धामणगाव बढेला आमच्या शेताशेजारून नाला वाहतो. त्यावर लहानसा बंधारा आहे. बांधणी कोल्हापुरी, पण आता वऱ्हाडातही घरची झालेली. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत फळ्यांच्या 2 रांगा बसवायच्या, मधे माती ठासायची. अडलेल्या पाण्यावर आमचा हरभरा, गहू पिकतो. मृगापूर्वी फळ्या काढायच्या, नाहीतर पुराचा लोट काठ फोडून रानात शिरतो. यात माशांचा विचार कोणीच केलेला नाही. तरीही पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला वर निघालेल्या चढणीच्या माशांना वाट मोकळी मिळते, ती त्यामुळेच!

एके वर्षी फळ्या काढण्याचे काम माझ्याकडे होते. मी आळस केला. सकाळी पाहतो तो मासे फळ्यांवर उड्या घेत होते, आपटून पुन्हा खाली पडत होते. पोरे टोपल्या घेऊन धावली. काठ शाबूत राहिला, म्हणून मला कोणी बोलले नाही.

इतकी वर्षे माशांना वाट मिळाली, ते पुण्य माझे नव्हे, हे कबूल. मग त्या सकाळचे पाप तेवढे माझे कसे? हा वाद मी स्वतःशी पुष्कळ घातला आणि दर वेळी हरलो. हल्ली रोहिणी लागल्या की मी पहार शोधू लागतो. घरचे हसतात.