शत्रू लाल का असतो?

टिपेश्वरच्या जंगलातल्या चितळाला वाघ हिरवट दिसतो. आपल्याला जो वाघ वाळल्या गवतात जाळ पेटावा तसा नारिंगी दिसतो, तोच चितळाला, रोहीला, रानडुकराला आजूबाजूच्या पाल्यात मिसळून गेलेला दिसतो. आपल्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या शंक्वाकार पेशी तीन प्रकारच्या असतात, या प्राण्यांच्या डोळ्यांत दोनच. त्यामुळे नारिंगी आणि हिरवा यांतला फरक त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. सस्तन प्राण्यांच्या केसांना हिरवा रंग येत नाही, तसा तो वाघालाही आला नाही. पण समोरच्याचे डोळेच असे असल्यावर त्याचं काही अडलं नाही.

या प्रकाराला आपण अन्याय म्हणत नाही. चितळ मरतं, वाईट वाटतं, पण फिर्याद कुणावर करणार? वाघाचा रंग कुणी टेबलावर बसून निवडलेला नाही.

आता टिपेश्वरहून जवळच्याच पांढरकवड्यात या. संध्याकाळ, पानठेल्यामागचा ओटा, चार पोरं, चार फोन. स्क्वाड उतरलेला आहे. त्यांतला एक माझा मावसभाऊ.

"अबे तो पाय ना, लालवाला, झाडाखाली!"

"कोठी?"

"तुह्या समोरच त हाय बे! गेला, गेला मॅच!"

चौघांत सगळ्यात उशिरा गोळी झाडणारा आणि सगळ्यात आधी मरणारा हाच. 'स्लो' हे त्याचं दुसरं नाव पडलं होतं. मग त्याने आपली कामं आपणच ठरवून घेतली. गाडी चालवायची, पडलेल्या गड्याला उठवायचं, पावलांच्या आवाजावरून शत्रू कुठे आहे ते सांगायचं. त्याचे कान आमच्या सगळ्यांपेक्षा तयार झाले. चार वर्षं असंच चाललं. पुढे एका भरतीच्या मेडिकलमध्ये त्याच्यासमोर ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक आलं. जपानी डोळ्यांचे डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली काढलेली ती चित्रं आजही चालतात. एका पानावर बाकीच्या पोरांना ७४ दिसला, याला २१. मेडिकल तिथेच संपलं.

आपल्याला वेगळं दिसतं हे माणसाला इतकी वर्षं कळत कसं नाही, असं वाटेल. पण तुम्हाला जे दिसतं ते दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांतून पाहून तपासायची सोय कुठे आहे? अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन स्वतः रंगांधळा होता आणि पंचविशी ओलांडेपर्यंत त्यालाही पत्ता नव्हता. १७९४ साली त्याने यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असणार असा त्याचा तर्क होता. तो मेल्यावर डोळा उघडून पाहिला, तर द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याची १९९५ साली डीएनए तपासणी झाली आणि खरं कारण कळलं: तीनपैकी एका प्रकारच्या पेशींचं रंगद्रव्यच नव्हतं.

लाल-हिरव्याचा हा घोळ एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. म्हणून बरेचदा आजोबांकडून मुलीकडे आणि मुलीकडून नातवाकडे तो जातो, मधली बाई स्वतः सगळे रंग नीट पाहत असते. आमच्या आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, आता उलगडतं. पिकलेल्या मिरच्या तोडायला ते कधी गेले नाहीत, कापूस मात्र वेचायचे. कापूस पांढरा. घरात सगळे म्हणायचे, त्यांना मिरचीचा ठसका लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मावसभावावर गेमने अन्याय केला का?

पहिलं उत्तर सरळ आहे: गेमबद्दल 'अवघड आहे' अशी तक्रार करता येत नाही. अवघड असावा म्हणून तर आपण तो डाउनलोड करतो. कुणाचा नेम कच्चा, कुणाची बोटं मंद, कुणाचा फोन जुना. मग कुणाचे डोळे वेगळे, एवढंच.

मला हे उत्तर पटत नाही. प्रत्येक खेळ काहीतरी एक जोखत असतो, आणि बाकीच्या गोष्टी त्या जोखण्याला टेकू म्हणून असतात. कॅरममध्ये नेम जोखला जातो. राणी लाल आहे ती फक्त बाकीच्या सोंगट्यांहून वेगळी ओळखू यावी म्हणून. लालच न दिसण्याचा जो प्रकार आहे, त्यात लाल रंग काळपट दिसतो, आणि राणी काळ्या सोंगट्यांत हरवते. तिच्यावर एक चांदणी कोरा, कॅरम तोच राहतो. लूडोचं तेच. आपल्या सारीपाटात पिवळ्या, काळ्या, लाल आणि हिरव्या सोंगट्या असत. २०१६ साली नवी मुंबईच्या कंपनीने काढलेल्या आणि लॉकडाउनमध्ये घराघरांत पोचलेल्या लूडो किंगमध्ये लाल, हिरव्या, पिवळ्या, निळ्या. चार रंगांऐवजी चार आकार केले, तर खेळाचं काय जातं? काहीच नाही. म्हणजे रंग हा तिथे निरोप पोचवणारा पोस्टमन आहे.

उलट, दोन छटांतला बारीक फरक ओळखा, एवढंच सांगणारा एखादा गेम असेल, तर तिथे रंग हाच खेळ आहे. तो मावसभावासाठी बदला असं मी म्हणणार नाही. तो तिथे हरेल, जसा मी कबड्डीत हरतो.

बॅटल रॉयलमध्ये काय जोखलं जातं? नेम, धीर, नकाशाची ओळख, चौघांचं एकमेकांशी जमणं. 'हा आपला की त्यांचा' हे ओळखणं म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची माहिती, आणि ती फक्त लाल-हिरव्यात सांगायचं कुणीतरी ठरवलेलं असतं. चितळाच्या गोष्टीशी फरक पडतो तो इथे. गेममधलं प्रत्येक पान, प्रत्येक खूण कुणीतरी पगार घेऊन रंगवलेली असते. शत्रू लाल का असतो, याला 'तसंच असतं' हे उत्तर चालत नाही.

रंग बदलता येतो याचा मोठा पुरावा आपल्या खिशातच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय होऊन परत आला, तेव्हा त्यातलं रक्त हिरवं झालं होतं आणि 'किल'चं 'फिनिश' झालं होतं. लहान पोरांच्या डोळ्यांसमोर काय असावं याच्या काळजीपोटी रक्ताचा रंग बदलला. (मावसभावाला फारसा फरक जाणवला नाही.) रक्त हिरवं होऊ शकतं, तर मग 'लाल हीच आमची कलात्मक गरज' असं कुणी म्हणू नये.

आणि करणाऱ्यांनी केलेलं आहे. कँडी क्रशमध्ये प्रत्येक रंगाच्या गोळीचा आकार वेगळा. 'अमंग अस'मध्ये तारा जोडायचं काम रंगांवर होतं, पुढे तारांच्या टोकांना खुणाही आल्या. उनोच्या पत्त्यांची रंगांना चिन्हं जोडलेली आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. बीजीएमआयमध्ये स्क्वाडच्या गड्यांना रंगासोबत १ ते ४ असे आकडे असतात, आणि सेटिंगमध्ये कलर ब्लाइंड मोडही आहे.

पण इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. खेळ सगळ्यांना सारखा हवा ना? क्रिकेटमध्ये चेंडू एकच असतो. ऑस्ट्रेलियाचा माजी यष्टिरक्षक मॅथ्यू वेड रंगांधळा. गुलाबी चेंडू दिसायला जड जातो असं त्याने उघडपणे सांगितलं. तरी त्याच्यापुरता चेंडू वेगळा करता येत नाही. मग गेममध्ये एकाला सवलत का?

मला वाटतं, क्रिकेटची अडचण खरी आहे म्हणून ती तिथे चालते. चेंडू एकच आहे आणि तो बावीस जणांनी पाहायचा आहे. एकाच्या सोयीचा रंग दुसऱ्याच्या गैरसोयीचा होऊ शकतो. स्क्रीनचं तसं नाही. माझ्या फोनवर शत्रू लाल, तुझ्या फोनवर पिवळा, आणि मॅच एकच. एकाच जगात राहून प्रत्येकाला आपापले रंग, असं माणसाच्या इतिहासात याआधी कधी जमलं नव्हतं. क्रिकेटची अडचण उसनी आणून गेमला तिच्यामागे लपता येणार नाही.

कुणी म्हणेल, मग चांगले डोळेवालेही तो मोड वापरून फायदा घेतील. घेतातच. व्हॅलोरंटमध्ये शत्रूभोवतीची रेघ लालऐवजी पिवळी करता येते. ती सोय रंगांधळ्यांसाठी ठेवली होती, पण पिवळं चटकन डोळ्यात भरतं म्हणून कितीतरी तरबेज खेळाडू तीच लावतात. यात मला फसवणूक दिसत नाही. दवाखान्याचा रॅम्प व्हीलचेअरसाठी बांधतात, त्यावरून लोक पोतीही चढवतात. शिवाय फायदा कुणाचा हे कोडं कोण घालतं त्यावर असतं. केवळ रंगाच्या गर्दीत लपवलेली वस्तू रंगांधळ्यांना दिसते आणि इतरांना दिसत नाही, हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आलं होतं. तशी कोडी घालणारा गेम निघाला, तर 'स्लो' आम्ही ठरू.

संख्येचाही मुद्दा निघतो: असे असतात किती? युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास; भारतातल्या पाहण्यांत प्रमाण साधारण त्याहून कमी येतं. शंभर जणांच्या मॅचमध्ये दोन-तीन जण असायला हरकत नाही. पण समजा एकच असेल, तरी? तारेच्या टोकाला खूण काढण्याने उरलेल्या नव्व्याण्णवांचं काही जात नसेल, तर मोजायला बसायचंच कशाला.

खेळ नेमका काय जोखतो, हा प्रश्न खेळापुरता राहत नाही. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये फिल्म एडिटिंगसाठी निवडल्या गेलेल्या एका उमेदवाराला रंगांधळेपणामुळे प्रवेश नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली, आणि एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की अशा उमेदवारांना कुठल्याही अभ्यासक्रमातून वगळू नये. सिनेमा हे अनेकांनी मिळून करायचं काम आहे, एकाची उणीव दुसऱ्याच्या मदतीने भरून निघते, असा समितीचा कल होता. एडिटिंगमधला कलर ग्रेडिंगचा भाग काढा नाहीतर ऐच्छिक करा, असंही ठरलं. एडिटरचं काम कुठे कापायचं ते ओळखणं आहे. रंग हा त्या कामाचा एक कोपरा. त्याआधी जून २०२० मध्ये सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना देण्याची अधिसूचना केंद्राने काढली होती. सिग्नलचा लाल दिवा वर असतो, हिरवा खाली. जागाही बोलतेच.

तरीही मोड देऊन मोकळं होण्याबद्दल माझी कुरकुर आहे. सेटिंग उघडलं की तीन नावं दिसतात: प्रोटॅनोपिया, ड्युटेरॅनोपिया, ट्रायटॅनोपिया. यातलं आपलं कोणतं हे कळायला आधी निदान झालेलं हवं. मावसभाऊ चार वर्षं खेळला तेव्हा त्याला तो रंगांधळा आहे हेच माहीत नव्हतं. तो ते पान उघडणार कशाला? आणि माहीत असलेला पोरगाही चौघांसमोर तो मोड लावत नाही. लावला की सुरू होतं, "हा कोणता कलर आहे, सांग बे? आणि हा?" भरतीची तयारी करणाऱ्या पोराला तर ही गोष्ट ओट्यावरून गावभर होणं परवडत नाही. निदान, कबुली आणि चेष्टा या तीन दारांतून गेल्यावर मिळणारी सोय मला अर्धीच वाटते. तारेच्या टोकाची खूण काहीच विचारत नाही, ती सगळ्यांनाच दिसते.

जुन्या लोकांना हे उमगलं होतं का, ठाऊक नाही, पण त्यांच्या हातून झालं होतं. आता बंद पडलेल्या आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतलेचे सिग्नल ब्रिटिशांच्या काळचे होते, हात वर-खाली होणारे. हात आडवा असला की थांबायचं. दिवसा रंग कळला नाही तरी भागायचं. रात्री मात्र हात दिसायचा नाही, उरायचा फक्त दिव्यासमोरच्या काचेचा लाल किंवा हिरवा रंग. रेल्वेच्या भरतीत डोळ्यांची इतकी कडक तपासणी का होते, ते या रात्रीमुळे कळतं.

आपल्या जिल्ह्यात अशी रात्र भरदुपारीही असते. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सगळ्यात सौम्य. लूडोचे चारही रंग. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. ते रंगांधळेपणाने गेले असं मी म्हणत नाही; तिथली कारणं वेगळी होती आणि त्यांवर पुष्कळ लिहून झालंय. पण ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं म्हणून रंग ठेवले, आणि त्यात टोकाचे दोन अर्थ नेमके लाल आणि हिरव्याला दिले. वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द असतो, तोही बारीक. लालवर मात्र कवटी आणि हाडं काढलेली असतात. ती माझ्या आजोबांनाही दिसली असती. पिवळ्या, निळ्या आणि हिरव्यावर चित्र नाही.