वऱ्हाडाएवढं स्वित्झर्लंड

वऱ्हाडाचं, म्हणजे अमरावती महसूल विभागाचं, क्षेत्रफळ साधारण ४६ हजार चौरस किलोमीटर, तर स्वित्झर्लंडचं ४१ हजार. २०११च्या जनगणनेत आपल्या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी १२ लाखांवर गेली होती. स्वित्झर्लंड आजही ९० लाखांच्या आसपास आहे. म्हणजे तो अख्खा देश वऱ्हाडात मावतो. तरी फुटबॉलच्या विश्वचषकात तो २००६पासून दरवेळी दिसतो, आणि आपल्याकडून तिथवर कोणी जाईल असं आपल्या मनातही येत नाही.

‘ते श्रीमंत आहेत’ हे उत्तर लगेच सुचतं. पण त्यांचा कर्णधार ग्रानिट झाका कुणा बँकवाल्याच्या घरचा नाही. त्याचे वडील कोसोवोतले अल्बेनियन. सरकारविरोधी निदर्शनं केली म्हणून युगोस्लाव्हियाच्या तुरुंगात तीन वर्षांहून जास्त काळ राहिलेले, नंतर देश सोडून आलेले. ग्रानिट १९९२ साली बाझेलमध्ये जन्मला. आधी शहरातल्या छोट्या क्लबात, मग एफसी बाझेलच्या पोरांच्या संघात खेळला, आणि २००९ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वविजेत्या स्विस संघात होता. घरापासून पहिल्या क्लबापर्यंत आणि तिथून पुढच्यापर्यंत वाट आधीच पाडलेली होती. निर्वासिताच्या पोराला फक्त चालायचं होतं. पैसा लागला, पण तो वाट बांधायला लागला.

झाका खेळतो मधल्या फळीत. हे काम कष्टाचं आणि बिननावाचं. बचावपटूकडून चेंडू घ्यायचा, घेण्याआधीच मान वळवून कोण कुठे उभा आहे ते बघून ठेवायचं, आणि दोन स्पर्शांत पुढे द्यायचा. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो, त्याच्या तीन पास आधी चेंडू कोणी वळवला हे कोणी विचारत नाही. असा खेळाडू पिकायला वेळ लागतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये झाका इंग्लंडच्या आर्सेनल क्लबाचा कर्णधार असताना स्वतःच्याच मैदानावर स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मैदान सोडताना त्याने अंगातला शर्ट काढला आणि पुढे त्याचं तिथलं कर्णधारपद गेलं. आपल्याकडे एवढ्यावर माणूस संपतो. तो खेळत राहिला, २०२३ मध्ये लेव्हरकुसेनला गेला, आणि पुढच्या वर्षी त्या संघाने ३४ सामन्यांत एकही न हरता जर्मन लीग पहिल्यांदा जिंकली. जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल झाकाचा होता, तोही लांबून मारलेला. २०२५ मध्ये संडरलँडने त्याला नेलं आणि कर्णधार केलं.

आता आपलं पोट्टं बघा. शालेय स्पर्धा पावसाळ्यात. काळ्या जमिनीचा चिखल बुटाला असा धरतो की दहा मिनिटांत पाय दुप्पट जड होतो. चेंडू घरंगळतच नाही, मग मधून पास देणं सोडून जो तो उंच मारायला लागतो. म्हणजे मधल्या फळीचा खेळ शिकायची सोय जमिनीनेच काढून घेतली. त्यात स्पर्धा बाद पद्धतीची: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. पहिल्याच सामन्यात हरलात की तुमचं वर्ष संपलं. तिकडे त्याच वयाचा पोरगा हरल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात असतो.

बरं, हरला नाही तरी काय? हाती प्रमाणपत्र येतं. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. मी याला नावं ठेवणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पोलीस भरतीत लागलेला मुलगा ही लहान गोष्ट नव्हे. पण प्रमाणपत्र मिळालं की खेळ सुटतो, आणि तेव्हा पोरगा जेमतेम वीस वर्षांचा असतो. झाकाचं नाव झालं ते त्यानंतर.

‘वऱ्हाडी माणसाला खेळाचं वेड नाही’ असं म्हणणाऱ्यांनी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे बघावं. वैद्य बंधूंनी ते १९१४ साली उभं केलं आणि १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांचा चमू आपले देशी खेळ दाखवायला जर्मनीत पोचला होता. क्रिकेटचंही तेच. अमरावतीचा जितेश शर्मा २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सच्या संघात गेला, पण आयपीएलचा पहिला सामना खेळायला त्याला २०२२ उजाडलं. मधली वर्षं तो तगला, कारण विदर्भाचा संघ होता आणि दर मोसमात खेळायला सामने होते. २७ मे २०२५ला लखनौत त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, त्यामागे ही सगळी वर्षं उभी होती. अकोल्याचे अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे याच रस्त्याने वर आले. आदित्य तर प्रथम श्रेणीचा पहिला सामना थेट रणजीच्या अंतिम फेरीत खेळला.

तेव्हा पोरं तीच, ऊन तेच, मातीही तीच. फरक आहे तो मधल्या पायऱ्यांचा. फुटबॉलला त्या राज्यभरातच कच्च्या आहेत: मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स हे दोन्ही संघ २०१७ मध्ये बंद पडले. म्हणून वऱ्हाडाने वरून काही गळेल याची वाट बघू नये. स्टेडियमची मागणी तर आधी करूच नये. त्यात फक्त कोनशिला लवकर बसते.

पाच जिल्ह्यांची एक लीग हवी. बाद पद्धत नको, सगळ्यांशी सगळे खेळतील अशी. दिवाळीनंतर जमीन वाळल्यावर सुरू होऊन उन्हाळ्याआधी संपणारी. आणि शाळा सुटलेल्या पोरांनाही खुली. २०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून आपण गिनीज बुकात नाव नोंदवलं. त्या रस्त्याने दर रविवारी एक संघ इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे नेणं एवढंच जिल्हा क्रीडा कार्यालयांनी आणि फुटबॉल संघटनांनी येत्या हिवाळ्यात करून दाखवावं.