दान आणि पावती

आपल्याला आवडलेलं गाणं दुसऱ्याला ऐकवणं हे दान की वसुली, याचा विचार आपल्या शास्त्रकारांनी केलेला दिसत नाही. त्यांच्या काळी कॅसेटी नव्हत्या. मला मात्र हा प्रश्न पडला तो डहाणूत, शेजारच्या काकांमुळे.

काकांची चिकूची वाडी आहे. हंगामात ते संध्याकाळी पिशवीभर चिकू आमच्या ओट्यावर ठेवतात. "गोड निघाले का?" असं त्यांनी कधी विचारल्याचं स्मरत नाही. उलट मी! काका ओट्यावर टेकले रे टेकले, की मी कॅसेट लावायचो. पुढे कॅसेटी गेल्या, मोबाइल आला. खोड तेवढी राहिली. ईगल्स नावाच्या अमेरिकन मंडळींचं १९७६च्या तबकडीतलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे माझं कुलदैवत. लांबी साडेसहा मिनिटं. ती साडेसहा मिनिटं मी गाणं ऐकत नसे, काकांचं तोंड बघत असे. शेवटी दोन गिटारी एकमेकींशी बोलू लागल्या, की "आता ऐका हं!" म्हणून त्यांचा गुडघा दाबत असे. गाणं संपलं की काका म्हणत, "बरं आहे. जेवण कसं असतं रे तिथं?"

मला भयंकर राग यायचा. पण रागवायचा हक्क मला कुणी दिला? पिशवीभर चिकू दिले, की काकांचे तेवढे चिकू कमी होतात. गाणं देऊन माझं कणभरही कमी होत नाही. तरी पावती मागणारा मीच! शिवाय त्या गाण्यात मला जे ऐकू येतं, त्यातलं निम्मं गाण्यात नसतंच. ती असते वसतिगृहाची गच्ची, मित्राचा उसना टेपरेकॉर्डर आणि माझे शाबूत केस. माझं तारुण्य काकांनी पसंत करावं, असा तो हट्ट होता. आणि इतक्या वर्षांत त्यांना कुठलं गाणं आवडतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

परवा भातकापणी झाल्यावर काका मला वाडीवरच्या गड्याच्या पाड्यावर घेऊन गेले. तिथं तारपा चालू होता. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा. एवढ्या सामानावर सगळा पाडा फेर धरून नाचत होता. आपल्याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी हाच फेर चितारला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रात मी तो शंभरदा पाहिला होता. प्रत्यक्षात लक्षात आलं, की इथं श्रोता नावाची जातच नाही! तारपेवाला "कसं वाटलं?" विचारणार कुणाला? जो तो फेरात. मी कडेला उभा होतो, तर एका आजीबाईंनी मलाही आत ओढलं. माझी पावलं सगळी चुकली. कुणी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी म्हटलं, "काका, आज तुम्ही ऐकवा."

काका चपापले. मग घसा खाकरून गजाननराव वाटव्यांचं एक भावगीत म्हणू लागले. सूर हलत होता. मधेच शब्द विसरले, तिथं थोडा वेळ गप्पच बसले. त्या गप्प बसण्यात कुठली गच्ची होती, मी विचारलं नाही. मान खाली घालून चिकू सोलत राहिलो.

गाणं संपलं. माझ्याकडे न बघता काका म्हणाले, "हं, लाव आता तुझं ते हॉटेल."