रॉ फाइल आणि निर्विकल्प ज्ञान

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलेले निखळ सत्य आणि जेपेग म्हणजे त्यावर चढवलेला मुलामा, असे छायाचित्रकार सर्रास मानतात. पण रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे, तशीच्या तशी कोणी पाहिलेलीच नसते. ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधली रंगीत गाळण्यांची जाळी आजही बहुतेक सेन्सरांवर असते. तिच्यामुळे प्रत्येक बिंदू एकाच रंगाचा प्रकाश मोजतो: निम्मे बिंदू हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे. फोल्डर उघडताच झटकन दिसते ते बहुधा कॅमेऱ्यानेच फाइलीत ठेवलेले तयार जेपेग; लाइटरूम या संपादन-सॉफ्टवेअरची आकडेमोड संपली की चेहऱ्याचा रंग डोळ्यांदेखत बदलतो. यातला खरा कोणता?

असाच प्रश्न भारतीय तत्त्वज्ञांना ज्ञानाबाबत पडला होता. बौद्ध तार्किक दिङ्नागाने प्रत्यक्ष ज्ञान कल्पनारहित मानले. नव्यन्याय परंपरेतल्या नैयायिकांनी निर्विकल्प, म्हणजे कोणतेही विशेषण न जोडलेले, ज्ञान मान्य केले, पण ते थेट अनुभवाला येत नाही, अनुमानानेच कळते, असे बजावले. इथे मला नैयायिकच पटतात: रॉ फाइलही थेट दिसत नाही, अनुमानानेच कळते. मग कोणीही कसेही रंगवावे, सगळेच खरे, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही. व्हाइट बॅलन्स कितीही सरकवा, बदल लाइटरूमच्या कॅटलॉगात किंवा सोबतच्या एक्सएमपी फाइलीत नोंदले जातात. सेन्सरचे आकडे हलत नाहीत. आणि प्रकाश सेन्सरच्या मर्यादेपलीकडे गेला असेल, तर तिथला ढग कोणताही स्लायडर परत आणत नाही. अर्थ लावायची मोकळीक आहे, पण त्या आकड्यांच्या चौकटीत. म्हणूनच डिस्क भरली की जेपेग ठेवून रॉ पुसण्याची रीत मला खटकते. जेपेगमधल्या रंगांना आव्हान द्यायचे झाले, तर दुसऱ्याने पाहायचे कशात?