अर्धी बादली

मराठीतली बादली आणि हिंदीतली बाल्टी एकाच पोर्तुगीज शब्दापासून आल्या, असं मानतात. जबलपूरच्या मराठी घरांत दोन्ही नांदतात: आजी बादली भरायला सांगते, नातू बाल्टी भरून आणतो. अशा जोड्यांचा भाषांतरात त्रास होत नाही. मला अडवलं ते सगळ्या भाषांत सारख्याच असलेल्या ‘लिटर’ने.

पाणीपुरवठ्यावरच्या एका पुस्तिकेचं मराठी करत होते. 2019मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यांत माणशी रोज 55 लिटर पाणी ठरवलं. भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी निकष 135 लिटरचा. आकडे जसेच्या तसे उतरवायचे होते. पण लिटर डोळ्यांसमोर येत नाही, बादली येते. म्हणून घरातली बादली मोजली. तोंड 30 सेंटिमीटर, बूड 22, उंची 28. हिशेब केला तर 15 लिटर. म्हणजे खेड्यातल्या माणसाला चारालाही कमी बादल्या, शहरातल्याला नऊ. शहराच्या वाट्यात संडासाच्या फ्लशचं पाणी धरलेलं असतं, आणि गटार वाहतं राहायला ते लागतंच. कारण खोटं नाही. तरीही ज्याच्याकडे सोय, त्याचीच गरज मोठी, असा त्याचा अर्थ निघतो.

मोजताना आणखी एक दिसलं. बादलीचं बूड अरुंद, तोंड रुंद. त्यामुळे अर्ध्या उंचीपर्यंत भरली तर तीत साडेसात लिटर नसतात, सव्वासहाच्या आसपास असतात. ‘अर्धी बादली दिली’ म्हणणारा लबाड असेलच असं नाही. त्याच्या डोळ्याला ते अर्धंच दिसतं. घेणाऱ्याला मात्र लिटरभराहून जास्त कमी पडतं.

टंचाईत टँकर आला की घरटी चार बादल्या, असा नियम होतो. दोन माणसांच्या घराला चार, सात माणसांच्या घरालाही चार. माणशी मोजलं तर ही चूक सुटते, पण दुसरी उरते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी आजी 15 किलोची बादली कशी चढवणार? टँकरवाल्याच्या वहीत तिचं पाणी पोचलेलं असतं. ते जिन्याच्या पायथ्याशी असतं, एवढंच.

मग मोजूच नये का? ग्वारीघाटावर नर्मदेत उतरणाऱ्याला कोणी माप विचारत नाही. पाणपोईवरही नाही. आपल्याकडे पाण्याचं पुण्य न मोजता देण्यात आहे, आणि ते मला मोलाचं वाटतं. पण पाणपोईवर पाणी संपलं, तर तहानलेल्याला तक्रार करता येत नाही. देणाऱ्याची इच्छा तेवढीच होती. ‘55 लिटर’ असं लिहून ठेवलेलं असलं की 40 मिळाल्यावर बोट ठेवता येतं. माप रूक्ष असतं, पण मागणाऱ्याला ते हात पसरू देत नाही, हिशेब मागू देतं.

प्रश्न आहे तो माप कुठल्या टोकाला लावायचं हा. देणाऱ्याच्या टोकाला टाकी, मीटर, टँकरची खेप मोजली जाते. घेणाऱ्याच्या टोकाला मोजायचं तर किती माणसं, किती पायऱ्या, कोणाच्या कमरेवर किती ओझं, हे धरावं लागतं. ते किचकट आहे म्हणून सोडून दिलं जातं. आणि जे मोजलं जात नाही ते बहुधा घरातली बाई किंवा शाळेतून आलेली मुलगी उचलते.

मराठीने इथे मला एक आधार दिला. पुस्तिकेत पानोपानी ‘पुरवठा’ होता. पुरवणं हे ‘पुरणं’चं प्रयोजक रूप: पुरेल असं करणं. पाणी सोडलं म्हणजे पुरवलं नाही. कोणाला तरी ते पुरलं पाहिजे. तो शब्द मी पुस्तिकेत ठेवला. तो वापरणाऱ्यांवर त्याची जबाबदारीही येते.