कान कुणाचा प्रमाण?

मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा कानस फिरवतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा नेमक्या जागी आला की तार झंकारते. जरा हलला की नाद मिटतो. खर्जाच्या तारेतून उमटणारा गांधार नवख्याला आधी ऐकूच येत नाही. जाणत्याने एकदा दाखवला की येतो.

हा कान वर्षानुवर्षांच्या मेहनतीने घडतो, यात शंका नाही. पण ‘चाळीस वर्षे ऐकतोय’ असे म्हणून कुणी अमुक स्पीकर उत्तम, तमुक अँप्लिफायर टाकाऊ असा निवाडा दिला, तर तो निमूट मानावा का?

न्यायदर्शनाने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. गौतमाच्या सूत्रांनुसार आप्ताचा उपदेश हे शब्दप्रमाण. आप्त कोण, हे वात्स्यायनाने भाष्यात सांगितले: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू होते, असेही तो बजावतो. या व्याख्येत वयाला, मानाला जागा नाही.

मग खरा प्रश्न उरतो तो हा, की त्या अनुभवी माणसाने नेमके जाणले काय? स्पीकरचा आवाज, की त्यावरचे नाव आणि किंमत?

अमेरिकेत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा झाकून आणि एकदा उघडे ठेवून ऐकवले. स्पीकर डोळ्यांसमोर येताच गुण बदलले, आणि अनुभवी श्रोतेही त्यातून सुटले नाहीत. 2003 साली ऑलिव्ह यांनी 268 श्रोत्यांना चार स्पीकर पडद्याआडून ऐकवले. तेव्हा प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित श्रोत्यांचा पसंतीक्रम जवळपास सारखाच निघाला. फरक होता तो नेमकेपणात: प्रशिक्षितांना बारीक भेद अधिक स्पष्ट कळले आणि तोच स्पीकर पुन्हा ऐकवल्यावर त्यांचे मत कमी डळमळले.

म्हणजे अनुभवाने कान धारदार होतो, पण डोळ्यांचा प्रभाव पुसला जात नाही. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत परीक्षक जाणकारच असतात, तरी गाणाऱ्याचे नाव त्यांच्यापासून लपवले जाते. जाणकारीवर अविश्वास म्हणून नव्हे. ती जाणकारी फक्त सुरावर खर्च व्हावी म्हणून.

एखाद्या घरात नवे स्पीकर घ्यायचे ठरले आणि गाण्यातले दर्दी काका सोबत दुकानात आले, तर त्यांच्या कानाचा पुरेपूर उपयोग करून घेता येईल. ज्या दोन जोड्यांतून निवड करायची, त्यांचा आवाज आधी सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज बहुधा अधिक चांगला भासतो. काकांना पाठमोरे बसवावे. कुठली जोडी चालू आहे, हे त्यांना न सांगता तोच तबला, तोच तानपुरा तीन-चार वेळा क्रम बदलून ऐकवावा. डग्ग्याची घुमक कुठे फुगते, तानपुऱ्यातला गांधार कुठे हरवतो, हे त्यांनी बोट ठेवून दाखवावे आणि इतरांनाही ते ऐकू यावे. दर वेळी त्यांनी तीच जोडी निवडली, तर माहितीपत्रकातले आकडे बाजूला ठेवून काकांच्या शब्दावर पैसे मोजायला हरकत नाही.